माइकला लागलेल्या मुंग्या

देवानं आवाज वाटले तेव्हा लक्ष्मणराव रांगेत दोनदा उभे राहिले असणार, असं अंबुबाईंचं ठाम मत होतं. एक आवाज घाटात वापरायला आणि दुसरा घरात त्यांचं डोकं उठवायला. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. तिथल्या मांडवात उभं राहून कोणाची बारी, म्हणजे धावायची पाळी, लागली, कोणाचे बैल सुटले, बैलांपुढं घोडी कशी धावली, हे माइकवरून अख्ख्या जत्रेला सांगायचं, हा लक्ष्मणरावांचा तरणेपणापासूनचा उद्योग. शेती गेली, शेतावर बारा-बारा मजल्यांच्या इमारती आल्या, मुलगा रणजीत प्लॉटिंगच्या धंद्यात रुळला. पण मोशी ते चाकण कुठंही जत्रा असो, माइक लक्ष्मणरावांच्याच हातात असायचा.

घाटातलं घाटात राहिलं असतं तर अंबुबाईंची तक्रार नव्हती. पण मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदी आली आणि तो सगळा आवाज घरात तुंबला. "अंबुबाई परात घेऊन निघाल्या, निघाल्या, फ्रिजला वळसा घातला, सुनबाई आडव्या आल्या, तरी अंबुबाई थांबत न्हाईत आणि भिर्रर्र... ओट्यापाशी दाखल!" समोरच्या सोसायटीतले कंपनीवाले लोक गॅलरीत येऊन ऐकायचे. एकानं तर टाळ्याही वाजवल्या होत्या. अंबुबाई पदर खोचत म्हणायच्या, "अवं, जरा गप बसा की!" लग्नापासून हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की नवऱ्याचं नाव घ्यायच्या जागी तेच घेतलं असतं तरी चाललं असतं.

बंदी उठली आणि लक्ष्मणरावांना पुन्हा पालवी फुटली. शुगरचा आजार होता, तोही ते मोठ्या दिमाखात पाळायचे. चहा बिनसाखरेचा, जिलेबीकडं पाठ, पुरणपोळी फक्त बघायची. हे सगळं ते भर पंगतीत जाहीर करत. मात्र गालात खडीसाखरेचा खडा कायम असायचा. कोणी टोकलं तर म्हणत, "ते गोड न्हाई. ते घशाचं औषध हाय." घाटात बोलणारा प्रत्येक जण गालात खडा ठेवतो, त्यांच्या गुरूनं ठेवला, गुरूच्या गुरूनं ठेवला, त्यामुळं खडीसाखर साखरेत मोडते हे त्यांना कधी पटलंच नाही. शिवाय चाकणचा शेखर होता. एका कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीच्या दिवशी माइकवर लक्ष्मणरावांच्या हाताखाली बोलायचा. त्यानं कुठूनतरी पांढऱ्या बारीक गोळ्या पैदा केल्या होत्या. घसा बसला की एक घ्यायची, दुपारपर्यंत आवाज खणखणीत. लक्ष्मणरावांना त्या इतक्या मानवल्या की घसा बसायच्या आधीच ते घेऊ लागले.

चैत्राच्या जत्रा ऐन भरात असताना त्यांचं डावं नाक चोंदलं. "घाटाची धूळ हाय, भंडारा गेलाय नाकात," लक्ष्मणराव म्हणाले आणि ओव्याची धुरी घेऊन पुढच्या जत्रेला गेले. मग डोकं ठणकू लागलं. मग डावा गाल बधिर झाला, इतका की तिथं खडा आहे की विरघळला हेही कळेना. म्हणून त्यांनी सावधगिरी म्हणून एकाऐवजी दोन खडे ठेवायला सुरुवात केली. अंबुबाईंना हे नंतर समजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

एका सकाळी धुण्यात नवऱ्याचा रुमाल आला. त्यावर काजळासारख्या काळ्या खपल्या होत्या. अंबुबाईंनी रुमाल तसाच मुठीत धरला आणि बाहेर येऊन नवऱ्याकडं नीट पाहिलं. डावा डोळा सुजून बारीक झाला होता. "वरचा दात हलतोय वाटतं," लक्ष्मणराव आरशात बघत सहज म्हणाले. अंबुबाईंनी रणजीतला गाडी काढायला लावली. लक्ष्मणराव वाटभर सांगत होते की संध्याकाळी आळंदीच्या रस्त्यावर बारी आहे, तेव्हा लवकर उरका.

पिंपरीतल्या त्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या अनुया. वय बेताचं, आवाज मऊ आणि नजर मास्तरणीची. त्या दुर्बिणीची नळी नाकात घालून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, डोक्याचा फोटो काढायला लावला आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांना समोर बसवलं.

"काका, ही बुरशी आहे. म्युकर म्हणतात. करोनाच्या वेळी लोक काळी बुरशी म्हणायचे, तीच."

"बुरशी?" लक्ष्मणराव खवळले. "आमी काय शिळा पाव हाय व्हय?"

"बुरशीचे कण सगळीकडे असतात, मातीत, शेणखतात, हवेत. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या नाकात रोज जातात. धडधाकट अंग त्यांना रुजू देत नाही. पण रक्तात साखर माजली आणि वर तुम्ही घशासाठी घेता तसल्या स्टेरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या पडल्या की अंगाचे पहारेकरी झोपतात. मग ती रक्तवाहिन्यांत शिरते आणि रक्त तुटलं की तिथलं मांस मरतं. ते काळं दिसतं ते त्यामुळं." मग अंबुबाईंकडं वळून म्हणाल्या, "काकू, ही एकाची दुसऱ्याला लागत नाही. जवळ बसा, भांडा, काही होणार नाही."

"मग आता?" अंबुबाईंनी विचारलं.

"साखर उतरवायची, शिरेतून बुरशीचं औषध द्यायचं आणि मेलेलं सगळं कापून काढायचं. तिन्ही एकदम करायचं. एक जरी मागं राहिलं तर बाकीच्यांचा उपयोग नाही."

अंबुबाईंना ते लगेच उमगलं. लोणच्याच्या बरणीला बुरा धरला तर वरचा पुसून भागत नाही, खालपर्यंतच्या फोडी टाकाव्या लागतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. लक्ष्मणरावांना मात्र एकच गोष्ट समजली, की आजची बारी हुकली.

नाकातून पहिलं ऑपरेशन झालं. शिरेतून औषध सुरू झालं. त्यानं सुरुवातीला अशी हुडहुडी भरायची की पलंग वाजायचा. मूत्रपिंडावर परिणाम होतो म्हणून रोज रक्त काढायचे. हे सगळं लक्ष्मणरावांनी एका अटीवर सोसलं. त्यांचा घाटातला माइक उशाशी ठेवायचा. "बंद हाय तो. नुसता जवळ असला की धीर येतो," असं त्यांनी इतक्या केविलवाण्या तोंडानं सांगितलं की अनुया मॅडमनाही नाही म्हणवेना.

सगळं चाललं होतं, फक्त साखर उतरत नव्हती. इन्सुलिन वाढवलं, जेवण दवाखान्याचं केलं, तरी साखर आपली मिरवणुकीतल्या घोड्यासारखी नाचतच होती. शेवटी अनुया मॅडमनी अंबुबाईंना बाजूला घेतलं. "काकू, घरून काही येतं का? शिरा, लाडू? मी रागावणार नाही."

अंबुबाईंना हे फार लागलं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं घरात गुळाचा डबा माळ्यावर ठेवला, तिच्यावर संशय! त्या पलंगापाशी आल्या आणि नवऱ्यावर नजर ठेवून बसल्या. लक्ष्मणराव संतासारखे डोळे मिटून पडले होते. भेटायला येणारे येत होते. कोणी भैरवनाथाला जाऊन आलेला, कोणी खंडोबाला, आणि जो येई तो लक्ष्मणरावांचा हात दोन्ही हातांत धरून डोळे भरून बघे. केवढं प्रेम करतात लोक, असं अंबुबाईंना वाटायचं.

मग त्यांना मुंग्या दिसल्या. भिंतीच्या कडेनं एक ओळ निघाली होती. ती पलंगाच्या पायावरून वर चढत होती, चादरीच्या घडीतून उशीला वळसा घालत होती आणि शिस्तीत, एकामागून एक, माइकमध्ये शिरत होती.

अंबुबाईंनी माइक उचलला. लक्ष्मणरावांचा एक डोळा उघडला. अंबुबाईंनी माइकच्या बुडाचं झाकण फिरवलं. आत सेल नव्हते. सेलच्या जागी खडीसाखर ठासून भरली होती आणि मुंग्यांची जत्रा भरली होती.

"अवं, हे काय?"

"परसाद हाय देवाचा. लोकं हातावर ठिवत्यात. परसादाला न्हाई म्हणायचं का?"

"डाक्टरीनबाईंनी रोज इचारलं, गोड खाता का म्हणून!"

"मी न्हाई म्हणलं. खोटं काय त्यात? औषधाला कुणी गोड म्हणतं का?"

अनुया मॅडम आल्या. त्यांनी माइकमध्ये पाहिलं. क्षणभर त्यांचं तोंड हसण्याच्या बेतात आलं, पण मग त्यांनी लक्ष्मणरावांना आ करायला सांगितला आणि हसू तिथंच विरलं. टाळूला डाव्या बाजूनं काळा डाग पडला होता.

"काका," त्या स्टूल ओढून बसत म्हणाल्या, "आमचं इन्सुलिन आणि तुमची खडीसाखर यांची रोज बारी लागत होती. तुम्ही आपले मांडवात बसून मजा बघत होतात आणि बुरशी जेवत होती. आता टाळूचा हा भाग काढावा लागेल. वरच्या जबड्याची डावी बाजूसुद्धा."

लक्ष्मणरावांनी जीभ टाळूला लावून पाहिली. "मग आवाज?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुरुवातीला बोलणं नाकातून येईल, कोणाला समजणार नाही. जखम भरली की त्या भोकाला बसेल अशी टाळूची कवळी करून घेऊ. त्यानं बोलणं बरंच परत येतं. अगदी पूर्वीसारखं येईल असं मात्र मी सांगणार नाही."

"मग नकोच. न्या मला घरी. आवाज गेलेला लक्ष्मण घेऊन ही तरी काय करील?"

"डाग डोळ्याकडं सरकतोय, काका. डोळ्याच्या मागं मेंदू आहे. परवापर्यंतसुद्धा थांबण्यासारखं नाही."

रणजीतनं हात जोडले, तनुजा सुनेनं डोळ्यांत पाणी आणलं, पण लक्ष्मणरावांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. अंबुबाई उठून बाहेर व्हरांड्यात आल्या. रडून हा माणूस बधणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण रडण्याचे सगळे प्रयोग त्यांचे तरुणपणीच करून झाले होते. या माणसाला हलवायचा तर मानाची दोरी ओढायला हवी होती.

नेमका तेव्हाच शेखर जिना चढून आला, हातात प्रसादाची पुडी घेऊन. अंबुबाईंनी आधी पुडी काढून घेतली, मग खिशातल्या त्या पांढऱ्या गोळ्या काढून घेतल्या. अशी गोळी पुन्हा कोणाच्या हातावर ठेवलीस तर चाकणच्या चौकात येऊन कान धरीन, असा दम दिला. शेखर शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"आता एक काम कर," अंबुबाई म्हणाल्या. "तुला श्रद्धांजली म्हणता येती का?"

"कुणाची, काकी?"

"ह्यांची."

शेखर उलट्या पावली जिन्याकडं निघाला. अंबुबाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि बेत समजावून सांगितला. कुठं कुठं चुकायचं तेही सांगितलं.

थोड्या वेळानं शेखर पलंगापाशी आला. "अण्णा, तुमी घरी जायचं म्हणताय असं कळलं," तो म्हणाला. "जत्रा तोंडावर आलीया. पहिल्या बारीच्या आधी तुमच्यासाठी दोन शब्द बोलावं लागतील. मी म्हणलं, एकदा तुमच्यासमोरच म्हणून बघावं. काही राहिलं तर तुमीच सांगाल." आणि त्यानं उशाचा माइक उचलला, एक मुंगी झटकली आणि गळा साफ केला.

"रसिक मायबाप! आज हा घाट पोरका झाला. भोसरीचे सुपुत्र..."

"मोशीचे!" भिंतीकडून आवाज आला.

"...मोशीचे सुपुत्र लक्ष्मणअण्णा आपल्यात नाहीत. ज्यांच्या दावणीला हरण्या नावाचा तांबडा बैल..."

"तांबडा? हरण्या दुधासारखा पांढरा हुता, आंधळ्या!"

"...पांढरा बैल, जो एकदा घाटाचा राजा झाला..."

"एकदा? एकदा?" लक्ष्मणराव कोपरावर उठले होते. सलाइनची नळी ताणली गेली.

शेखरनं डोळे मिटले. "अण्णांचा आवाज," तो म्हणाला, "तसा थोडा बारीक होता..."

पलंग करकरला. लक्ष्मणराव उठून बसले होते. सुजलेल्या डोळ्यासकट त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बारीक? कोण म्हणतंय बारीक? ह्या बेण्याच्या तोंडून माझी श्रद्धांजली व्हणार आसंल, तर मी मरत न्हाई! बोलवा त्या डाक्टरीनबाईला. कुठं सही करायची?"

अनुया मॅडम दारातच कागद घेऊन उभ्या होत्या. अंबुबाईंनी तोंड पदरात लपवलं. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी शेखरला विचारलं, "बारीक आवाजाचं मी सांगितलं नव्हतं रे."

"ते माझं मी घातलं," शेखर म्हणाला आणि बाकावर बसून खरोखरच रडायला लागला.

ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. लक्ष्मणराव त्यावर पडल्या पडल्या बोलत सुटले. "लक्ष्मणराव निघाले, वॉर्डबॉय डाव्या अंगाला, सिस्टर उजव्या अंगाला, लिफ्ट उघडली, अंबुबाई मागं राहिल्या..." आजूबाजूचे पेशंट हसत होते. अंबुबाई सवयीनं बोलून गेल्या, "अवं, जरा गप बसा की."

लिफ्टचं दार लागलं. त्यानंतर ते खरंच गप्प बसले.

तोंडात बोळे, नाकातून अन्नाची नळी. अनुया मॅडम रोज येऊन आत बघायच्या. काळं पुढं सरकलं नाही, डोळा वाचला, साखर उतरली. सगळ्या बातम्या चांगल्या होत्या आणि तरी अंबुबाईंचा जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत जायचा. आपण जन्मभर जे मागितलं ते देवानं शेवटी ऐकलं, तेही असल्या वेळी, असं त्यांना राहून राहून वाटायचं. मग एक दिवस त्यांनी स्वतःच सुरुवात केली. सिस्टर ट्रॉली घेऊन येताना दिसली की त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणायच्या, "आली बघा शिष्टरबाई, पुढं घोडं, मागं गाडं, आणि काय ते... भुर्रर्र!" लक्ष्मणराव वैतागून पलंगावर मूठ आपटायचे. भुर्रर्र नव्हे, भिर्रर्र! ते ऐकवण्यासाठी तोंड नव्हतं. अंबुबाई मुद्दाम रोज चुकायच्या.

बुरशीवरच्या गोळ्या घेऊन घरी आल्यावर बोलणं सुरू झालं, पण ते सगळं नाकातून. शब्द कोणाला लागायचा नाही. फक्त अंबुबाईंना लागायचा. हे ध्यानात आल्यावर लक्ष्मणरावांनी नवाच खेळ मांडला. भेटायला आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर ते काहीतरी गेंगाणं बोलायचे आणि पाहुणा अंबुबाईंकडं बघायचा.

"काय म्हणतायत अण्णा?"

"या, बसा, च्या घ्या म्हणतायत," अंबुबाई सांगायच्या. खरं तर ते म्हणालेले असायचे, की हा हावरट मेव्हणा जेवायच्या वेळेलाच कसा टपकतो.

मग टाळूची कवळी आली. दातांच्या डॉक्टरांनी मापं घेऊन, घासूनपुसून बसवून दिली. तिनं जेवण नाकात जायचं थांबलं, पण बोलणं काही सुधारलं नाही. घरी लक्ष्मणराव जेवण झालं की कवळी वाटीत काढून ठेवत आणि पूर्वीसारखं गेंगाणं बोलत. "लावून बोला की," अंबुबाई म्हणायच्या. ते नुसती मान हलवायचे. टोचते, असं खुणेनं सांगायचे. रोज सकाळी कवळी खिशात घालून फिरायला जायचे आणि जेवायच्या वेळी परत यायचे. कुठं जाता विचारलं तर हात हवेत फिरवायचे. शेखरची मोटरसायकल वेशीपाशी दिसते असं तनुजानं एकदा सांगितलं, पण अंबुबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. आवाज गेला, त्यांनी मनाशी मानून टाकलं. नवरा राहिला, तेवढं पुष्कळ. डॉक्टरीनबाईंनी कुठं कबूल केलं होतं?

पुढच्या वर्षीची गावची जत्रा आली. अंबुबाई घाटात कधी गेल्या नव्हत्या. बायकांनी जायची रीत नव्हती आणि जायची गरजही नव्हती, कारण भोंग्याचा आवाज थेट त्यांच्या ओट्यापर्यंत यायचा. त्या दिवशी लक्ष्मणराव फेटा बांधून रणजीतबरोबर बघायला म्हणून गेले. अंबुबाई पुरण वाटत बसल्या. भोंग्यातून शेखर बोलत होता. चांगलं बोलत होता कार्टं. बैल आणले, घोडी लावली, पहिली बारी तयार झाली, आणि तो मध्येच थांबला.

भोंगा खरखरला. कोणीतरी माइकवर बोट वाजवलं.

"मोशीकर!"

अंबुबाईंचा हात पुरणात तसाच राहिला. थोडा घोगरा होता, 'म' जरा घासत होता, पण आवाज तोच होता, रांगेत दोनदा उभं राहून आणलेला.

"मोशीकर मंडळी, लक्ष्मण हजर हाय! गालात आज खडा न्हाई, टाळूला कवळी हाय. दोन-चार शब्द कुठं सांडले तर गोळा करून घ्या. आणि पहिली बारी सुटायच्या आधी एक चौकशी हाय." भोंगा पुन्हा खरखरला. "अंबुबाई, ऐकू येतंय का? येत आसंल तर रणजीतच्या फोनवर व्हय म्हणा. तवर बारी सुटणार न्हाई."

घाटात हशा पिकला. म्हणजे हा माणूस रोज सकाळी शेखरबरोबर तालीम करत होता आणि घरी मुद्दाम गेंगाणं बोलून आपल्याला रडवत होता! अंबुबाईंना इतका राग आला की त्यांना काही दिसेना. डोळे पुसल्यावर दिसलं.

ओट्यावर ठेवलेला फोन वाजायला लागला. अंबुबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पुरणात हात घातला.

"अंबुबाई! बैल खोळंबल्यात! अंबुबाई परात सोडून उठल्या का न्हाई? अहो अंबुबाई!"

तनुजा पळत आली. "आत्याबाई, फोन उचला की! सगळा घाट थांबलाय."

"थांबू दे," अंबुबाई म्हणाल्या. "वाजतोय तसा वाजू दे, बाई. उचलला की ते गप बसतील."